एकोणपन्नासच्या पुढे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हा आपल्या देशाच्या आरोग्याबद्दलचा सर्वांत जास्त आधार घेतला जाणारा दस्तऐवज आहे. पहिली पाहणी १९९२-९३ मध्ये झाली, पाचवी २०१९ ते २०२१ या काळात. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती करते, लाखो घरांत माणसे पाठवून करते, आणि सरकारी योजनांपासून वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत सगळ्यांना आकडे तिथूनच मिळतात. या पाहणीत स्त्रियांसाठी जी सविस्तर प्रश्नावली असते ती १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांसाठी. बाळंतपणे किती झाली, कुठे झाली, कोणते गर्भनिरोधक वापरले, लोहाच्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे सगळे त्यात बारकाईने विचारले जाते. पन्नास वर्षे पूर्ण झाली की बाई या प्रश्नावलीतून बाहेर पडते. पाचव्या पाहणीत रक्तदाब आणि साखर त्यापुढच्या वयातही मोजली, ही सुधारणा मोलाची आहे. पण तिची हाडे, तिची लघवीची तक्रार, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेले रक्त यांची चौकशी तिथे होत नाही. ४५ वर्षांपुढच्या माणसांची वेगळी देशव्यापी पाहणी याच संस्थेने केली ती २०१७-१८ मध्ये, सुमारे ७२ हजार लोकांची; म्हणजे कुटुंब आरोग्य पाहणी सुरू झाल्यानंतर पाव शतकाने. एकोणपन्नास ही मर्यादा कोणी वाईट हेतूने आखलेली नाही. जननदराचा अभ्यास जननक्षम वयापुरता असतो, म्हणून ती आली. पण अभ्यासाची ती सोय पुढे आरोग्यव्यवस्थेची सवय झाली, आणि घरांची तर ती आधीपासूनच होती. पाळी थांबल्यावर स्त्रीला होणारे बहुतेक आजार आज ओळखता येतात, पुष्कळसे टाळता येतात, आणि जवळजवळ सगळ्यांवर काही ना काही उपाय आहे. तरीही ते अंगावर काढले जातात, कारण आपण त्यांना आजार न मानता वय मानतो. आणि तसे मानतो, कारण मूल होण्याच्या वयापलीकडच्या बाईच्या शरीराकडे पाहण्याची तसदी आपण घेतलेली नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यक मानते. पाश्चात्त्य देशांत हे साधारण ५१ व्या वर्षी घडते. भारतात सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी. चार-पाच वर्षांचा हा फरक दिसायला किरकोळ आहे, परिणामाने नाही. बीजकोशातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयापुरते काम करत नाही. हाडे, रक्तवाहिन्यांचे अस्तर, यकृतातली कोलेस्टेरॉलची घडण, मूत्राशय, योनीची त्वचा, मेंदूतले तापमान-नियंत्रण आणि झोप, या सगळ्यांना त्याची सवय असते. ते ओसरते तेव्हा या सगळ्या ठिकाणी बदल होतो. कुठे लगेच, जसे अंगातून गरम वाफा निघणे आणि रात्री घामाने भिजून जाग येणे. कुठे दहा-पंधरा वर्षांनी, मोडलेल्या हाडाच्या किंवा अडलेल्या रक्तवाहिनीच्या रूपाने. सेहेचाळिशीला पोचलेल्या भारतीय स्त्रीपुढे आज सरासरीने आणखी तीसेक वर्षांचे आयुष्य असते. जननक्षम म्हणून तिची जितकी वर्षे मोजली गेली, जवळपास तितकीच वर्षे तिच्यापुढे असतात.

हाडांपासून सुरुवात करू, कारण वय आणि आजार यांची गल्लत तिथे सर्वांत ठळक आहे. हाड ही निर्जीव काठी नव्हे. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवे रचणाऱ्या पेशी आयुष्यभर एकाच वेळी काम करत असतात. पोखरणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा अंकुश असतो. तो निघाला की पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज एकदम वेग घेते, आणि या थोडक्या काळात काही स्त्रियांचे एक पंचमांशापर्यंत हाड कमी होऊ शकते. यात दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. पुढे ओल्या फरशीवर पाय घसरतो, हात टेकला जातो आणि मनगट मोडते. प्लास्टर घातले जाते, सहा आठवड्यांनी निघते, आणि प्रकरण तिथेच मिटते. वास्तविक उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे हीच अस्थी ठिसूळ झाल्याची पुरेशी खूण आहे. त्यासाठी यंत्राची वाट पाहायची गरज नसते. त्यानंतर मणके दबतात. मणक्यांच्या अशा मोडींपैकी सुमारे दोन तृतीयांश कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. पाठ दुखते, उंची दोन-तीन बोटे कमी होते, बाई पुढे वाकते. आपल्या चित्रांत, बालगीतांच्या पुस्तकांत, नाटकातल्या वेशभूषेत म्हातारी दाखवायची तर ती कमरेत वाकलेलीच दाखवतात. हे वाकणे म्हातारपणाचे लक्षण आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. पुष्कळदा ते एकामागून एक मोडलेल्या आणि कोणीही न तपासलेल्या मणक्यांचे लक्षण असते. त्यापुढची पायरी म्हणजे खुब्याचे हाड. भारतात ते पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधी मोडते, आणि खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातले एक तरी वर्षाच्या आत दगावते असे जगभरचा अनुभव सांगतो. पडणे हे मरणाचे निमित्त झाले, असे नंतर घरचे म्हणतात. त्या निमित्ताची तयारी पंधरा-वीस वर्षे चालली होती, हे कोणी म्हणत नाही.

उपाय अवघड असता तर ही उपेक्षा समजण्यासारखी होती. दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांवर भार पडेल असा व्यायाम, आणि ठिसूळपणा ठरला असेल तर आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक आम्ल. गोळी जेनेरिक मिळते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, एवढे पथ्य. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तीळही त्यात समृद्ध आहेत. म्हणजे कोकणात आणि घाटावर जे मुळात पिकत होते त्यातच पुष्कळ काही होते. ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र उन्हाच्या या देशात सर्रास आढळते, आणि ती आहारातून सहसा भरून येत नाही. दुधाचा प्रश्न वेगळाच आहे. घरात दूध येते, पण ते मुलांना, मग पुरुषांना, मग चहाला. चाळिशीपुढच्या बाईच्या वाट्याला पेलाभर दूध यावे असा रिवाज फार थोड्या घरांत आहे, आणि हाडे सर्वांत वेगाने झिजतात ती नेमकी त्याच वर्षांत.

हृदयाच्या बाबतीत गैरसमज उलट दिशेचा आहे. हार्ट ॲटॅक हा पुरुषांचा आजार, बायकांना होतो तो कर्करोग, ही समजूत सुशिक्षित घरांतही पक्की आहे. जगभर स्त्रियांच्या मृत्यूंत पहिला क्रमांक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चालू असलेल्या अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवले की एकाच वयाच्या दोन स्त्रियांत जिची पाळी गेली आहे तिला हृदयविकार अधिक होतो. पाळी असेपर्यंत स्त्रीला जे संरक्षण असते ते संपते. वाईट कोलेस्टेरॉल वाढते, पोटावर चरबी साठते, रक्तदाब चढतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. आपल्याकडे पाळीही लवकर जाते आणि झटकाही लवकर येतो, या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर पन्नाशीच्या भारतीय स्त्रीचा रक्तदाब नियमित न मोजणे हा निष्काळजीपणा ठरतो. त्यात भर म्हणजे स्त्रियांत पुष्कळदा छातीतली ती प्रसिद्ध कळ ठळक नसते. दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळते, कमालीचा थकवा येतो. घरात त्याचे निदान ॲसिडिटी असे होते, सोडा दिला जातो, रात्र काढली जाते. झटका आल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत किमती असतात. ते असे जातात.

ज्यांबद्दल बोललेच जात नाही अशा तक्रारींचा एक गट आहे, आणि मला तो सर्वांत वेदनादायक वाटतो. इस्ट्रोजेन गेल्यावर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंध दुखतात, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. खोकले, हसले, घागर उचलली की लघवीचे थेंब जातात. अनेक बाळंतपणे आणि ओल्या बाळंतिणीने उचललेली ओझी यांनी आधीच सैल झालेले स्नायू आता आणखी सैलावतात आणि अंग बाहेर येते. ज्या बाईला हे होते ती लग्नाला जायचे टाळते, एसटीचा लांबचा प्रवास टाळते, देवळात बसायचे टाळते, पाणी कमी पिते आणि त्याने त्रास वाढवून घेते. घरचे म्हणतात, हिला आता कुठे जायला नको असते. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झाली होती ती फक्त ८ टक्के स्त्रियांची. स्त्रीचे आरोग्य म्हणजे माता-आरोग्य आणि कुटुंबनियोजन, या समीकरणाला जगभर धक्का देणारा हा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला आहे. त्याला पस्तीसहून अधिक वर्षे झाली. कोरडेपणावर योनीत लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम गुणकारी आहे. लघवी सुटण्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल यांनी ते १९४८ मध्ये मांडले, आणि त्यांना एक पैसा लागत नाही. बाहेर येणाऱ्या अंगाला आधार देणारी साधी रिंग असते, ती बसवायला शस्त्रक्रिया लागत नाही. हे तीनही उपाय प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येण्याजोगे आहेत. विचारणारे कोणी हवे, आणि सांगताना मान खाली घालावी लागणार नाही असा आडोसा हवा.

आता कर्करोगाबद्दल, आणि इथे मुंबईचा एक पुरावा मुद्दाम मांडायला हवा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे एक चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हाताने स्तन तपासत, आणि पातळ केलेल्या ॲसेटिक आम्लाने, म्हणजे व्हिनेगरसारख्या द्रावाने, गर्भाशयमुख पाहत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनाच्या कर्करोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, वातानुकूलित केंद्र नाही, हाताने केलेली तपासणी. ज्या वयाला आपण बाईकडे पाहणे सोडून देतो, नेमक्या त्याच वयात या तपासणीने जीव वाचवले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते जगापुढे मांडले गेले. आणि तरीही पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, स्तनाची ०.९ टक्के. त्यापुढच्या वयाचा आकडा तर विचारलेलाच नाही. पुरावा आपल्या मातीतला, श्रम आपल्या आरोग्यसेविकांचे, आणि फायद्यापासून वंचित राहिल्या त्याही आपल्याच बायका, हे मला फार लागते.

व्यवस्था या बाईकडे पाहत नाही म्हणताना एक अपवाद नोंदवावा लागेल, आणि तो भयंकर आहे. पिशवी काढायची असते तेव्हा तिच्याकडे जरूर पाहिले जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. मुकादमाकडून घेतलेली उचल नवरा-बायकोच्या कोयत्याने फेडायची, खाडा पडला तर दंड, फडात ना संडास ना पाणी. अशा जगण्यात पाळी ही अडचण ठरते आणि पिशवी काढणे हा सुटकेचा मार्ग भासतो. पांढरे जाण्यासारख्या साध्या तक्रारीवर, पुढे कर्करोग होईल अशी भीती घालून, तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. सोबत बीजकोशही काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि झिजेची सगळी चक्रे दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होतात. बीजकोश ठेवले तरी ते नेहमीपेक्षा लवकर थकतात. पस्तिशीत हाडांचा आधार गेलेली बाई पुढची वीस-पंचवीस वर्षे मोळ्या वाहते. देशभरात १५ ते ४९ वयाच्या ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे, आणि या शस्त्रक्रियांतल्या बहुतांश खासगी रुग्णालयांत झालेल्या आहेत. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणायला सांगितले. ज्यांच्या पिशव्या आधीच गेल्या त्या हजारो स्त्रियांची हाडे, रक्तदाब, साखर यांची आयुष्यभराची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न मात्र चर्चेत आला तसा विरून गेला. गर्भाशय हीच बाई मानली की ते काढल्यावर बघायला काही उरत नाही. बीडच्या प्रकरणाचे मूळ मला तिथे दिसते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की पाळी जाणे नैसर्गिक आहे, त्याचा आजार कशाला करायचा. आपल्या आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या? या आक्षेपाला अभ्यासाचाही आधार आहे. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने १९७५ मध्ये राजपूत स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४८३ स्त्रियांशी बोलल्यावर त्यांना आढळले की पाळी जाताना होणाऱ्या त्रासाची तक्रार जवळजवळ नव्हतीच. पाळी गेली की पडदा सैल होतो, पुरुषांत बसता-बोलता येते, विटाळ संपतो. हा बदल बायकांना बक्षीस वाटत होता. महाराष्ट्रातही ‘सुटले एकदाची’ हे उद्गार मनापासूनचे असतात, आणि त्या मोकळेपणाची किंमत कमी लेखू नये. पण फ्लिंट यांनी जे विचारले ते स्त्रियांना जाणवणाऱ्या त्रासाबद्दल होते. जाणवण्यावर समाजाचा प्रभाव पडतो. हाडातल्या कॅल्शियमवर पडत नाही. वाढणारा रक्तदाब जाणवतच नाही. शिवाय पाळी जाणे नैसर्गिक आहे याचा अर्थ त्यानंतर जे होईल ते सोसावे असा निघत नाही. बाळंतपण तर त्याहून नैसर्गिक आहे, आणि ते निसर्गावर सोडले होते तेव्हा बायका किती मरत हे आपल्याला माहीत आहे. आज्यांचा दाखला देताना एवढेच ध्यानात घ्यावे की ज्या सत्तरी ओलांडून गेल्या त्याच आपल्याला आठवतात, आणि त्यांतल्याही कितीजणी वाकलेल्या होत्या.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. पाळी जाण्याला कमतरतेचा आजार ठरवून औषध कंपन्यांनी बाजार मांडला, हा इतिहास खरा आहे. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरने १९६६ मध्ये ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून इस्ट्रोजेन म्हणजे चिरतारुण्य असा प्रचार केला. १९७५ मध्ये लक्षात आले की नुसते इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध देऊ लागले. पुढे विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्या प्रचंड चाचणीचा, हीच जोडी तपासणारा १६ हजारांवर स्त्रियांचा गट जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला गेला, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. जगभर घबराट पसरली आणि बायकांनी औषधे टाकून दिली. आता ते आकडे शांतपणे पाहू. वाढ होती ती दरवर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या आठ जास्त रुग्णांची. खुब्याच्या मोडी पाचने आणि आतड्याचे कर्करोग सहाने कमी झाले होते. चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे पुष्कळजणींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती. पुढच्या अभ्यासांवरून आज बहुतेक तज्ज्ञ मानतात की साठीच्या आत, पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत, त्रास तीव्र असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा विकार असे काही नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे उपचार बहुतेकींच्या बाबतीत धोक्यापेक्षा फायद्याचे ठरतात. विल्सन यांनी प्रत्येक बाईला रुग्ण ठरवले. २००२ नंतरच्या भीतीने खऱ्या रुग्णालाही दारातून परत पाठवले. या दोन्ही चुकांत एक गोष्ट समान आहे. समोर बसलेल्या बाईचे वय काय, तिला काय होते, तिच्या घरात कोणते आजार आहेत हे कोणी विचारले नाही. बाजाराच्या भीतीला उत्तर म्हणून उपेक्षा निवडली तर बाजाराचेच फावते. सरकारी दवाखान्यात कोणी विचारत नाही, म्हणून तर बाई पावडरींचे डबे आणि गुडघेदुखीची तेले विकत घेते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गरीब देशाने आधी मातामृत्यू रोखावेत, मग म्हाताऱ्या बायकांकडे बघावे. पण मातामृत्यू रोखण्याची कहाणीच माझ्या बाजूने साक्ष देते. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. केरळनंतर आपला क्रमांक होता. हे यश आले ते गर्भवतीची नोंद झाली, आशाताईला त्या कामाचे पैसे मिळू लागले, प्रत्येक मृत्यूचा हिशेब मागितला गेला म्हणून. जे मोजले, त्याची जबाबदारी कोणावर तरी पडली, आणि ते सुधारले. त्या बाळंतपणांतून वाचवलेल्या बायकाच आता पन्नाशीत येत आहेत. २०२२ च्या नवरात्रात राज्याने अठरा वर्षांपुढच्या सगळ्या स्त्रियांच्या तपासणीची मोहीम काढली, तिचे नाव ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ होते. मोहीम चांगली होती, वयाला वरची मर्यादा नव्हती हेही चांगले. पण नऊ दिवसांच्या किंवा पंधरवड्याच्या मोहिमेने ठिसूळ हाड सापडेल, सांभाळले जाणार नाही. त्याला वर्षानुवर्षे चालणारी नोंद लागते. खर्चाचे म्हणाल तर रक्तदाबाचे यंत्र, व्हिनेगरसारखा द्राव, आठवड्याची एक गोळी, एक रिंग आणि प्रशिक्षित हात, यांत असे काय आहे जे आपल्या उपकेंद्राला परवडणार नाही? मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया यांहून कितीतरी महाग पडते, आणि ती पुष्कळदा कर्ज काढून करावी लागते.

बायका स्वतःच येत नाहीत, असेही म्हणतात. खरे आहे, येत नाहीत. दवाखान्यात जायला सोबत लागते, पैसे मागावे लागतात, त्या दिवशीचा स्वयंपाक आणि मजुरी बुडते, आणि तिथे पोचल्यावर या वयात आता काय, असे ऐकावे लागते. बाळंतपणासाठीही त्या येत नव्हत्या. त्यांना आणण्याची व्यवस्था केली, तेव्हा आल्या.

म्हणून दोन मागण्या सरकारकडे आहेत. पुढच्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या प्रश्नावलीची एकोणपन्नासची मर्यादा काढावी आणि पाळी गेल्यानंतरच्या तक्रारी तिच्यात विचाराव्यात. आशाताईच्या वहीत पन्नाशीपुढच्या बायकांना कायमचे पान द्यावे आणि त्या कामाचा मोबदला बाळंतपणाच्या कामाइतकाच नियमित द्यावा. आणि एक विनंती हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकीला, तिच्या मुलाला आणि सुनेला. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी पाळी परत आली असे समजू नका. दहांपैकी साधारण एकीत त्यामागे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि गर्भाशयापुरता असताना तो सापडला तर बहुतेकजणी बऱ्या होतात. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.